अण्णांचं बंद पाकीट

चहाचा ग्लाससुद्धा अण्णा उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय तोंडाला लावत नसत. जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीत ते सगळ्यांत जुने. कोणी म्हणालं, तार जोडली, की ते विचारायचे, "कुनी बघितली?" आणि स्वतः जाऊन लोखंडी खुंटी हलवून यायचे.

रांगेनं खुंट्या ठोकायच्या, वीज सोडायची, जमीन ती किती अडवते याची रीडिंगं घ्यायची, हे त्यांचं काम. त्यावरून जमिनीच्या पोटातलं चित्र काढायचं काम माझं आणि लॅपटॉपचं. लॅपटॉप आधी अंदाजानं एक चित्र मांडतो, त्याप्रमाणे रीडिंगं काय यायला हवी होती ते काढतो, खऱ्यांशी ताडतो आणि चित्र जरासं सुधारतो. असं पुन्हा पुन्हा, फरक मिटेपर्यंत. अण्णांना या मिटण्याचाच संशय. "रीडिंगं थोडी असली की त्यात धा चित्रं बसत्यात. तुजंच खरं कशावरनं?"

म्हणून प्रत्येक ठिकाणची तीन रीडिंगं ते मला देतच नसत. पाकिटात घालून डिंकानं बंद करत. चित्र झालं की ते स्वतः पाकीट फोडायचे. चित्रातून निघणारे आकडे आतल्या तिन्हींशी जुळले, तरच बोअरची खूण. "सोयरीक करायच्या आधी गपचूप चौकशी करत्यात का न्हाई, तसं हाय हे."

अकोले तालुक्यात, डोंगरात, मुलींच्या एका वसतिगृहासाठी गेलो होतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला इमारत; खुंट्यांची रांग निम्मीच बसली, रीडिंगं थोडीच मिळाली. मुली ओढ्यावरून हंडे घेऊन चढत होत्या. माझं चित्र मात्र देखणं आलं, भिंतीलगत पाण्याचा निळा पट्टा. अण्णा तार गुंडाळायला गेले. पाकीट जीपमध्ये होतं. मी ते उघडलं. एकही आकडा जुळत नव्हता.

दिवसभर राबून वसतिगृहाच्या बाईंना "काही सांगता येत नाही" म्हणायची मला लाज वाटली. मी ती तीन रीडिंगंही लॅपटॉपला दिली आणि आणखी फेऱ्या चालवल्या. चित्र मुकाट वाकलं. पट्टा राहिला, आकडे जुळले. पाकीट पुन्हा चिकटवून ठेवलं.

अण्णांनी ते हातात घेतलं. "डिंक अजून वला कसा?"

"इथली हवाच दमट आहे, अण्णा."

त्यांनी पाकीट फोडलं, तिन्ही आकडे एकेक करून ताडले. मग चुन्यानं खूण केली.

बोअरमधून नुसती धूळ निघाली. त्या उन्हाळ्यातही मुली ओढ्यावरच जात राहिल्या. कंपनीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "पाकीट जुळलं हुतं. म्हंजी माजी रीडिंगंच चुकली. हात ऱ्हायला न्हाई आता." महिनाभरात काम सोडून ते काष्टीला घरी गेले. निरोपाला मी हार घातला आणि गप्प बसलो.

परवा, चार वर्षांनी, काष्टीला जाऊन त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील.

"म्हंजी माजी रीडिंगं बरोबर हुती?"

"हो अण्णा. सगळी."

 त्यांनी हळूच विचारलं, "मग चार वर्सं मी घरात का बसलो?"