रविवार सकाळ कोणाची?

दिवाकरच्या दुकानासमोरच्या बाकावर मी पाच-सहा वर्षं बसलो. गाणी ऐकायला म्हणून जायचो. आज आठवायला बसलं तर गाणी अर्धीमुर्धी आठवतात आणि किस्से मात्र अख्खे! किश्श्यांचं असंच असतं. ते घडतात तेव्हा आपण चिडलेले असतो, म्हणून लक्षात राहतात. आणि मी त्या काळात बराच चिडलेला होतो. मित्रांत काय लपवायचं? माझा त्या माणसावर जळफळाट व्हायचा.

माझं शिक्षण कलकत्त्याला झालं. मामा तिकडे रेल्वेत होते. कॉलेजात फिल्म सोसायटीचं वेड लागलं. देशोदेशीचे सिनेमे पाहिले, त्यांवर तासन्‌तास भांडलो. चांगला सिनेमा पाहिला की माणूस आतून बदलतो, यावर माझी श्रद्धाच बसली. डिस्को गाण्यांची लाट नुकतीच येत होती तेव्हा मी नागपूरला परत आलो, तो हे सगळं डोक्यात घेऊन. इतवारीमागच्या आमच्या गल्लीला चांगला सिनेमा दाखवायचा! वाचनालयाचे सेक्रेटरी वैद्य काका यांनी हॉलही दिला. "रविवारी सकाळी रिकामाच असतो," म्हणाले, "लोक येत राहतील तोवर हॉल तुझा."

लोक. तेवढेच नव्हते. कारण ते सगळे दिवाकरकडे होते.

दिवाकर निखारे हा विणकराचा मुलगा, मॅट्रिकला दोनदा बसलेला. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा त्यानं पुढच्या खोलीत कॅसेटचं दुकान टाकलं. मागाचा खड्डा मात्र बुजवला नाही. बाप जसा खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचा, तसाच हा खड्ड्यात पाय सोडून कॅसेटी भरायचा. तुम्ही गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. वाचनालयापासून पंधरा पावलांवर हे दुकान, आणि समोरच्या बाकावर गल्लीतली सगळी माणसं!

* * *

पहिल्याच महिन्यात मी त्याला चौदा गाण्यांची यादी दिली. शांत, विचार करायला लावणारी गाणी. क्रमसुद्धा ठरवलेला, एकातून दुसरं उमलावं असा. कॅसेट घरी नेऊन लावली. सातवं गाणं संपलं, मी डोळे मिटून बसलेला, आणि एकदम ढोलकी! कुठलंतरी जुनं, खट्याळ, मी जन्मात न ऐकलेलं गाणं!

मी तसाच दुकानात गेलो.

"हे काय आहे?"

"गाणं होय."

"माझ्या यादीत नाही ते!"

"बाजूले तीन मिनिट टेप उरली होती. कोरी काहून सोडायची गा? सात गाणे तुह्या पसंतीचे, तीन मिनिट माह्या पसंतीचे."

मग कळलं की तो सगळ्यांनाच असं करतो. रिळावर टेपेची जाडी किती उरली, हे नुसतं बघून त्याला मिनिटं कळायची. त्याच्या कॅसेटमध्ये गाणं कधी अर्ध्यात तुटायचं नाही. उरलेल्या जागेत काय टाकायचं ते तो गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरवायचा. मी त्याला दुसऱ्याच्या निवडीचा मान राखण्यावर अर्धा तास सुनावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहा सांगितला.

ती कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली. दर वेळी पहिली सात गाणी पुढे ढकलून!

* * *

मग डिस्को आला. पानठेल्यावर डिस्को, वरातीत डिस्को, गणपतीसमोर डिस्को. लग्नाच्या बँडचे मास्तर दिवाकरच्या बाकावर क्लॅरिनेट घेऊन बसायचे. तो दोन ओळी वाजवून थांबवायचा, मास्तर त्या फुंकून बघायचे. असं दिवसभर! वाचनालयात बसून मी ते ऐकायचो आणि माझं रक्त उकळायचं.

शेवटी एक पत्रक लिहिलं. 'डिस्को : आपल्या कानांवरचं आक्रमण.' आठ गाणी नावानिशी घेतली आणि प्रत्येकाची चिरफाड केली. पत्रकाच्या प्रती काढल्या आणि एक प्रत मुद्दाम दिवाकरला दिली. म्हटलं, हिंमत असेल तर दुकानात लाव.

त्यानं खळ लावून नीट चिकटवली. बरोबर स्पीकरच्या वर! लोक उभे राहून वाचायचे आणि वाचता वाचता पायानं ठेका धरायचे.

पंधरा दिवसांनी रस्त्यात भेटला. फार खुशीत होता.

"कलकत्ता," तो मला कलकत्ताच म्हणायचा, "दुसरं पत्रक लिही ना गा!"

"का? पटलं लोकांना?"

"लोक त्याच्यावर बोट ठेवून सांगून राहिले, हे आठही भरून दे. आता आठही साऱ्यायच्या घरी झाले. नवी यादी पाह्यजे!"

* * *

आमच्या फिल्म सोसायटीच्या पहिल्या खेळाला नऊ जण आले. त्यातले एक काटोलचे संत्र्याचे बागायतदार. बसला वेळ होता म्हणून बोर्ड वाचून आत आलेले. धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. पहिल्या रांगेत बसून त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मला कोण आनंद! संपल्यावर मी धावत गेलो.

"कसा वाटला काका?"

"बरा होता," ते विचार करत म्हणाले. "पन तो मानूस विहिरीतून पानी काढून राहिला, काढून राहिला, काढूनच राहिला! मोटर नाही बसवत काहून?"

मी त्यांना समजावलं. दिग्दर्शकाला पाणी दाखवायचं नाहीये, त्याला वेळ दाखवायचा आहे. वेळ कसा जातो, तो आपल्या अंगावर यायला हवा.

"मंग आला बाप्पा अंगावर," म्हणत ते उठले. बाहेर जाऊन दिवाकरच्या बाकावर बसले आणि त्यांची बस चुकेपर्यंत गाणी ऐकत राहिले!

* * *

आमच्या सोसायटीची एकच सभासद नेमानं यायची. नंदा गजभिये. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत राहायची, शाळेत शिकवायची. माझी भाषणं ती वहीत उतरवून घ्यायची, त्यामुळे तिच्या मताला माझ्या लेखी फार किंमत होती.

तिचे वडील वस्तीत भीमगीतं म्हणायचे. एका कार्यक्रमात कोणीतरी टू-इन-वनवर त्यांची गाणी टेप केलेली. पुढे वडिलांचा आवाज गेला. बोलणं कसंबसं, गाणं कायमचं बंद. ती टेप जीर्ण झाली होती म्हणून नंदानं दिवाकरकडून नवी भरून घ्यायची ठरवली. तो दिवसभर ते काम करत होता, नंदा आणि मी बाकावर. गिऱ्हाइकांना परत पाठवत होता. वडिलांचं शेवटचं गाणं झालं, टाळ्या झाल्या, आणि मी पाहिलं, तीन-चार मिनिटांची टेप उरली होती. म्हटलं, बघू आता हा काय टाकतो!

त्यानं काही टाकलं नाही. टेप तशीच शेवटपर्यंत कोरी फिरू दिली. आम्ही तिघं ती फिरताना बघत बसलो.

"इथं काहीच नाही?" नंदानं विचारलं.

"याच्यामांग काय लावाव, मले नाही सुचलं बाई," तो म्हणाला.

आदल्याच रविवारी मी 'सिनेमातली शांतता' या विषयावर एक तास बोललो होतो. नंदानं कॅसेट पर्समध्ये ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"सर, तुम्ही रविवारी शांततेबद्दल सांगत होता ना, ते मला आज समजलं!"

हे तिनं मला सांगितलं. त्याच्यासमोर!

* * *

पुढे दिवाकरनं रंगीत टीव्ही घेतला. मागाची लाकडी चौकट भिंतीशी उभी होती, तिच्यावर ठेवला. आणि रविवारी सकाळी पौराणिक मालिका सुरू झाली. बरोबर माझ्या खेळाच्या वेळेला! बाया न्हाऊन, ठेवणीतली लुगडी नेसून यायच्या. दारात चपलांचा ढीग. टीव्हीसमोर उदबत्ती, नारळ.

एका रविवारी चित्र सारखं जाऊ लागलं. दिवाकर गच्चीवर चढला आणि त्यानं अँटेना फिरवला.

"आला?"

"आला!" खालून गजर.

"सोडू?"

"नको!!"

हात सोडला की देव गायब! तो पूर्ण वेळ अँटेना धरून उन्हात उभा राहिला आणि त्याची आई खालून ओरडून त्याला गोष्ट सांगत होती. "आता रथात बसले गा! आता सारे रडून राहिले!" गल्लीत सगळे तिला मायच म्हणायचे. माय सांगायची आणि हा वरून हात न जोडता नुसती मान वाकवायचा.

मी हे हॉलच्या खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी त्याला टोमणा मारला, "तू तर काहीच पाहिलं नाहीस!"

"मायनं दाखवलं ना. मी तर डोये मिटून पाह्यलं."

माझ्या हॉलमध्ये त्या दिवशी दोनच प्रेक्षक होते. डोळे मिटून पाहणारे फक्त वैद्य काका, आणि ते घोरत होते!

जागे झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, दिवाकरच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. लोक म्हणतात, वाचनालयाच्या हॉलमध्ये टीव्ही ठेवा. मी किती दिवस नाही म्हणू? पुढचा रविवार तुझा. हॉल भरला तर रविवार सकाळ कायमची तुझी. नाही भरला, तर टीव्ही."

* * *

म्हणून मी माझा सगळ्यात लाडका सिनेमा मागवला. एका दूर देशातल्या कोळशाच्या खाणीच्या गावची गोष्ट. एक म्हातारी आणि खाणीत गेलेला तिचा मुलगा. कलकत्त्याच्या मित्रांनी तीन रिळं रेल्वे पार्सलनं पाठवली. आली दोन! तिसरं कुठे उतरलं देव जाणे. म्हटलं, असू दे. शेवटापर्यंत बसणार तरी कोण आहे?

रविवारी हॉलमध्ये मी, नंदा आणि काका. समोर दिवाकरकडे ही गर्दी. मी प्रोजेक्टर सुरू केला.

दहा मिनिटांत गल्लीतून एकच आरडाओरडा ऐकू आला. लाईट गेली होती. अख्ख्या गल्लीची! वाचनालय तेवढं दुसऱ्या फेजवर, म्हणून आमची मशीन चालू. कोणीतरी ओरडलं, "वाचनालयात दिसून राहिलं!" आणि लोंढा आत आला. न्हालेल्या बाया, पोरंसोरं, पूजेचं ताट, नारळ, सगळं घेऊन. सतरंज्या भरल्या, मग बाकडी, मग खिडक्या. कोणीतरी पडद्याखाली उदबत्तीही लावली.

"हे कोणते देव होय?" एकीनं विचारलं.

"देव नाही वं," पहिल्या रांगेतून माय म्हणाली, "गरीब बाई हाय. पाह्य ना, चूल फुंकून राहिली."

त्यानंतर हॉलमध्ये आवाज झाला नाही. भाषा कोणाला येत नव्हती, कोणी विचारलीही नाही. मायशेजारी तिची उमरेडची बहीण बसली होती. तिचा मुलगा तिकडच्या खाणीत होता. ती पदर तोंडाशी धरून बसलेली.

दुसरं रीळ अर्ध्यावर असताना बाहेरून दिवाकरची हाक आली, "लाईट आली होऽ! चला!" पाच-सहा पोरं पळाली. बाकी कोणी हललं नाही. तो आत आला, मायच्या खांद्याला हात लावला.

"माय, चाल ना. सुरू झालं."

"तू जा. मले हिचा पोरगा घरी येते का नाही, ते पाहाचं हाय."

दिवाकर दोन मिनिटं उभा राहिला. मग तिथंच खाली बसला.

आणि दुसरं रीळ संपलं. पडद्यावर म्हातारी ताट वाढून दाराकडे बघते आहे, आणि पुढे नुसता पांढरा उजेड.

"पुढं?" माय म्हणाली.

मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. "शेवटचं रीळ आलं नाही."

"तुले ठाऊक असन ना गा. सांग. आला का पोरगा?"

मी तो सिनेमा चार वेळा पाहिला होता. त्याच्या शेवटावर सात पानांचा लेख लिहिला होता. मुलगा येत नाही. तो न येणं हाच तो सिनेमा आहे, त्यात एका क्षणाचीही तडजोड नाही, असं त्यात ठासून म्हटलं होतं. नंदानं तो लेख वाचलेला. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. उमरेडच्या बाईनं तोंडावरचा पदर काढला नव्हता.

"आला," मी म्हणालो. "संध्याकाळच्या गाडीनं आला."

"जेवला?"

"जेवला. दोनदा वाढून घेतलं."

नंदा खाली मान घालून वही चाळू लागली. वैद्य काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी काय लावतोस?"

मी काही बोलायच्या आत माय उठली. तिनं पडद्यासमोर नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"अवं माय," मागून दिवाकर ओरडला, "पहिला तुकडा दर रविवारी मले देतं ना तू!"