फील्डतात्यांचं चाक

फील्डतात्यांना काट्यावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचा भारी राग. परळच्या आमच्या गिरणीच्या पॉवरहाऊसमध्ये भिंतभर मीटर होते, पण तात्यांची नजर डोक्यावरच्या एका साध्या दिव्यावर असायची. दिवा जरा पांढरा पडला की हात चाकावर जाई. "दिवो आधी बोलता, काटो मागसून," असं म्हणत आणि समोरच्याला वर एक मालवणी शिवी हासडत. ज्याला शिवी मिळाली तो आपला, असा पॉवरहाऊसमध्ये हिशेबच होता.

टर्बाइन फिरायची वाफेवर, पण जनित्राच्या चुंबकाला किती वीज पाजायची ते त्या चाकावर ठरायचं. चुंबकाला आम्ही फील्ड म्हणायचो, म्हणून ते फील्डतात्या. जास्त पाजली की व्होल्टेज चढायचं, कमी पाजली की मागांच्या मोटारी कण्हायच्या. मी डिप्लोमा घेऊन तिथे लागलो, पाळीची वही लिहायचो. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. तात्या म्हणाले, "पुस्तक खिशात ठेव. हात हंय ठेव."

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चाची हाक आली की गिरण्या रिकाम्या व्हायच्या. सगळी खाती एकदम थांबली तर जनित्रावरचा भार उतरतो आणि व्होल्टेज उसळतं. म्हणून तात्यांनी लालबागच्या आपल्या खोलीत खात्याखात्याच्या लोकांना बसवून रीत घालून दिली होती: आधी तात्यांना कळवायचं, मग एकेक खातं सोडायचं. एकाने टोमणा मारला, "तात्या, शेठच्या मशीनची एवढी काळजी?" तात्या भडकले. "मशीन शेठचा नाय रे मेल्या. उद्या परत येवन तूच चालवतलंस."

मग नवे इंजिनिअरसाहेब आले आणि आपोआप व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बसला. चाकाला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. रेग्युलेटर वाईट नव्हता. पण त्याची एक पट्टी मधूनच चिकटायची. तात्यांनी ती दोनदा दाखवली. "तुमचं चाक गेलं म्हणून तुम्हाला खोट दिसते," साहेब म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

त्या दिवशी सकाळी विणाई खात्यातून निरोप आला, मोर्चासाठी बाराला निघतोय. मी वहीत तसं लिहिलं. तात्या साहेबांकडे गेले, मला सोबत घेऊन. "लोक सुटतले. तेवढा वेळ माका चाक हातावर घेऊक देवा." साहेबांनी मान वर न करता नाही म्हटलं.

बाराला पहिलं खातं सुटलं, मग दुसरं. पट्टी चिकटली. दिवा पांढराफटक झाला, विणाईतल्या दिव्यांची एक रांग फुटली. तात्यांनी हुकूम झुगारला, रेग्युलेटर बाजूला काढला आणि चाक हातात घेतलं. शेवटचं खातं सुटेपर्यंत ते चाकापासून हलले नाहीत. जनित्र वाचलं.

चौकशीत माझीच वही पुढे आली. खाती ठरलेल्या क्रमाने सुटली, म्हणजे पॉवरहाऊसमधून संप चालवला, असा अर्थ लावला गेला. ज्या रीतीने मशीन वाचलं, तीच रीत कट ठरली. आज इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं. चौकशी अधिकाऱ्याने मला एकच विचारलं, "यांना आधी खबर होती?" मी म्हणालो, "हो." साहेब माझ्याकडे बघत होते. खबर घेऊन तात्या त्यांच्याच दारात गेले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. साहेबांना लाज नव्हती. मला नोकरीची भीती होती. मी खाली बसलो. तात्यांना काढून टाकलं.

महिन्याभराने शिवडीला एका गोदामात ते भेटले. जमिनीवर बसून फाटकी पोती शिवत होते. मी म्हणालो, "तात्या, मी वहीत लिहिलं नसतं तर..."

त्यांनी सुई थांबवली. "लिवलंस ता खराच लिवलंस. लिवकच व्हया. पण पुढचा तेंनी इचारल्यानी नाय, म्हणान तू सांगूक नाय?"

मी तिथेच उभा होतो. इंजिनिअरपासून फिटरपर्यंत कोणाची गय न करणारे तात्या. निदान आता तरी एक शिवी देतील म्हणून वाट बघत होतो.

ते पोतं शिवत राहिले. "येतो तात्या," मी म्हणालो.

"या," ते म्हणाले. मला ते कधी अहोजाहो करत नसत.