ताईने झटकलेली धूळ

तामसी गावच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते, तेव्हा भाऊजींचा फोन आला. "कुंदा, तुही ताई..." एवढंच बोलले. पुढचं मला कळलं. माझी थोरली बहीण, सुमनताई, जाऊन आता काही आठवडे झाले; तरी इचोड्याची बस दिसली की पाय तिकडेच वळतात.

इचोड्याला भाऊजींचं ट्रकच्या ब्रेकचं गॅरेज. ब्रेकचे झिजलेले पट्टे, म्हणजे लायनर, काढायचे, चाकाच्या ड्रममधली त्यांची भुकटी फुंकून साफ करायची, नवे बसवायचे. संध्याकाळी घरी येत ते राखेत लोळल्यासारखे. ताई त्यांना दारातच उभं करी, सदरा काढून घेई आणि अंगणात फटाफट झटकी. "ह्याइचं लगन ट्रकसंग झालं, मी नुसती करवली," म्हणत हसायची. त्या धुळीतच आम्ही दोघी गप्पा मारत बसायचो... किती सुखाचे दिवस होते ते!

मग तिला दम लागू लागला. हैदराबादच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग सांगितला, मेसोथेलिओमा. शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती. सलाइनमधून दोन औषधं जोडीने द्यायची ठरली. एक शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारं, दुसरं गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारं. ताईने आपल्या परीने अर्थ लावला, "एक राखनदाराले उठवते, दुसरं वावरातल्या तनाचं पानी तोडते."

घरात कोणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम, म्हणजे सिमेंटचे पत्रे, ब्रेकचे लायनर असलं काही, करतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते, ताईजवळ मीच होते. ताईने लायनर, भुकटी, कपडे, सगळं सांगितलं. कपड्यांवरून घरात येणारी ती धूळ श्वासातून गेली की वर्षांनी हा रोग होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येताच ताईने माझा हात धरला.

"त्याईले सांगू नको. मी हाय तवरिक त नाईच."

"अन् मंग?"

"मंग सांगजो. पन हेही सांगजो, का मले त्या कपड्याइचा कधी राग नाई आला."

त्या दिवसापासून तिने हट्टच धरला. भाऊजींनी भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कपडे गॅरेजातच बदलून यायचं. 'मले दम लागते,' एवढंच कारण तिने भाऊजींना दिलं.

औषधांनी बरेच महिने साथ दिली. नाकातून रक्त यायचं, रक्तदाब चढायचा, आवाज बसला. पण छातीतलं पाणी आटलं आणि ती पुन्हा ज्वारीची भाकरी थापू लागली. बसक्या आवाजातही भाऊजींना टोमणे मारायची. पुढे औषधं लागू पडेनाशी झाली. मला फार राग आला, देवाचा, धुळीचा, सगळ्यांचाच... भाऊजी विचारत राहायचे, "हिलेच काऊन?" मी पदराशी चाळा करत बसायचे.

भाऊजी तेलुगू शाळेत शिकलेले. मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. मराठी पेपरची रविवारची पुरवणी ताईच त्यांना वाचून दाखवायची. म्हणून त्या पुरवणीसाठी इथवर लिहिलेलं हे मी इचोड्याला नेलं आणि त्यांच्यापुढे वाचलं. तिचा निरोप मी दोनदा वाचला. भाऊजी खूप रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "छापाले दे. पन आधी गॅरेजातल्या मानसाइच्या बायकाइले बोलावतो... त्याईले वाचून दाखव."