साउंड कार्ड की नेटवर्क कार्ड

बियाण्याला चोळलेल्या औषधाचा उग्र वास आला की मला गेवराईचं ते बियाण्यांचं दुकान आठवतं. तालुक्याला तेव्हा कॉम्प्युटर मोजकेच होते, आणि दुकानातला नि गोदामातला कॉम्प्युटर वायरीनं जोडायला मला बीडहून बोलावलं होतं. दुकानातल्या जुन्या मशीनमध्ये मी नेटवर्क कार्ड बसवलं, जोडणी झाली, मालकांचा मुलगा खूश झाला. दुपारी मालकांनी सवयीनं माउस दाबला, पण स्पीकर मुकाच राहिला. मशीन नवं असताना त्यांची बायको गमतीनं माइकवर काही बोलली होती, ते त्यात रेकॉर्ड झालं होतं. ती वारल्यापासून जेवायला उठण्याआधी ते रोज तेवढं ऐकत. मी पुष्कळ खटपट केली, पण नेटवर्क कार्ड चाललं की आवाजाचं साउंड कार्ड बंद पडे. "आप्पा, धंद्याचं बी बघा की," मुलगा म्हणाला. आप्पा माझ्याकडे वळले. "काढ ते. गोदामात मी चालत जाईन." मी कार्ड काढलं. आप्पांनी पुन्हा माउस दाबला. थोडी खरखर झाली आणि एक बाई हसत म्हणाली, "अवं, या की जेवाया, भाकर निवली." मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. हल्ली घरातून जेवायला हाक आली की मी हातातलं काम तसंच ठेवून उठतो.