मिठाला न जागलेला माड

आमचे हे, शिवदास, डिचोलीच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवत होते. एवढ्या वर्षांत चुकलं ते माझं, नाहीतर रस्त्याचं. यांचं कधीच नाही.

लेक पल्लवी पोर्तुगालला कामाला गेली, ती जाताना अंगणात शोभेचा पंख्याचा माड लावून गेली. गोल, चुणीदार पानांचा. "बाबा, पुढच्या गणेशचवथीला येईन. तोवर याला जपा," म्हणाली. झालं! ज्या माणसाने तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तो माडावर जुनी छत्री बांधून बसला. ऊन नको, वारा नको. पानं रोज ओल्या फडक्याने पुसायची. मला ताप आला तेव्हा माझं कपाळ कोणी एवढं पुसलं नव्हतं. सहा महिन्यांत पान आलं एक, त्याचे फोटो मात्र रोज पोर्तुगालला.

आमचे नारळ पाडणारा बाबली एकदा बघून म्हणाला, "वयनी, ह्या माडाक मीठ घाल गे." नारळाला मीठ घालतात हे मला कोणी शिकवायला नको, माहेरी पेडण्याला मीच घालायचे. हे बाजारात गेल्यावर बुंध्याशी चार मुठी जाडं मीठ टाकलं. लेक येईतो फोफावू दे, एवढाच हेतू. करायला गेले गणपती, झाला मारुती! आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात; हा मेला उलटला.

हे एक पान घेऊन नर्सरीत गेले, ते पान तसंच हातात घेऊन परत आले.

"कोणीतरी मीठ घातलंय म्हणे."

"कोण मेला असा?" मी म्हटलं.

यांनी बुंध्याची माती काढली, नवी भरली, बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. मला मिठाच्या बरणीकडे बघवेना.

दोन दिवसांनी पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. पानं बघून तिचा चेहरा उतरला. "कोणी केलं हे?"



"मी," हे म्हणाले. "नारळ समजून मीठ घातलं. चुकलं माझं. पण कोंब हिरवा आहे, तू येईपर्यंत उघडेल."

तीस वर्षांत यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि तोही माझ्यासाठी. मला भडभडून आलं. पदर डोळ्यांना लावून मी जेवण वाढायला घेतलं.

हे ताटावर बसले आणि म्हणाले, "आता आमटीत मीठ घाल गे. दोन दिवस अळणी जेवतोय."