मोफत प्रोग्रॅममधली बातमी

मासिकासोबत आलेल्या सीडीवरून रत्नागिरीच्या वार्ताहर कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर मी मोफत ऑफिस प्रोग्रॅम घातले. त्याच दिवशी मिरकरवाड्याची एक मच्छीमार नौका बेपत्ता झाली. ती चालवणाऱ्या तांडेलाचा भाऊ कार्यालयात आला. छापून आलं तर शोध लवकर सुरू होईल, असं त्याला वाटत होतं. मी बातमी नव्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून मुंबईला ईमेल केली.

संध्याकाळी मुंबईहून उपसंपादकाचा फोन आला, तेव्हा तांडेलाचा भाऊ अजून माझ्या शेजारीच बसून होता. "अहो, काय पाठवलंत? फाईल इथे आमच्या वर्डमध्ये उघडतच नाही."

"तोंडी सांगतो, लिहून घ्या."

"आता कुठे? पान छपाईला सुटलं."

माझ्या पडद्यावर बातमी स्पष्ट दिसत होती. मी फोन ठेवेपर्यंत भावाने ती वाकून वाचली होती.

"नावं बरोबर घातलीत, साहेब," तो म्हणाला. "उद्या पेपराची गाडी कधी येते?"