मॅडमचे दोन चमचे अळू

आमच्या लॅबमध्ये नमुन्यांच्या बाटल्या साचतात, त्याहून जास्त किस्से साचतात. बाटल्यांवर निदान लेबल तरी असतं. किस्से नुसतेच पडून राहतात आणि बाटल्या धुताना आठवतात. बाटल्या धुणं हेच माझं काम. दहावी शिकलेल्या बाईला अॅसिडने बाटली तीनदा कशी धुवायची, ते मॅडमनीच शिकवलं.

मॅडम विषावर संशोधन करतात. कारखान्यांच्या नाल्यातून शिसं, पारा, कॅडमियम किती येतं, तिथून खाडीत, माशांत, विहिरींत किती जातं आणि शेवटी कोणाच्या पोटात पोचतं, हे मोजायचं. वसईत त्यांना ‘विषाच्या मॅडम’च म्हणतात.

त्या कोणाला घाबरत नाहीत. एका नगरसेवकाला तोंडावर म्हणाल्या, “तुमच्या बोअरचं पाणी झाडांनाही घालू नका.” आठवड्याभरात त्याने वस्तीला मोफत पाणी सुरू केलं. टँकर त्याच बोअरवर भरत होता.

*

मॅडम देवाधर्माच्या भानगडीत पडत नाहीत. “भूक लागली की खायचं,” एवढाच त्यांचा नियम. दुपारी माझा डबा उघडला की न विचारता दोन चमचे घेतात. आमच्या गिरीजच्या वाडीतलं अळू त्यांना फार आवडतं. आमचं घर त्या वाडीवरच चालतं. भाजी, केळी, सगळं विहिरीच्या पाण्यावर. विहिरीमागून तोच कारखान्यांचा नाला जातो, हे मी मॅडमना बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

*

एकदा मॅडमनी गिरीजमध्ये निरोप पाठवला, प्रत्येक घराने आपल्या विहिरीचं बाटलीभर पाणी आणावं. आमचं घर सोडून सगळ्यांनी आणलं. कोणी फडक्यातून गाळून, कोणी उकळून, कोणी थेट फिल्टरचं. एका आजोबांनी वाळाही टाकला होता.

“आजोबा, नुसतं विहिरीचं आणायचं होतं,” मॅडम म्हणाल्या.

“मोठ्या माणसांना द्यायचं पाणी, बाई. असंच कसं द्यायचं?”

आमच्यात नमुने गोळा करणारा नीलेश आहे, विरार फुलपाड्याचा. तो म्हणाला, “मॅडम, गाव तर एकदम पास. चला, निघूया.”

त्या दिवसापासून विहिरीत बादली आमचाच माणूस सोडतो.

*

पाचूबंदरला हिराकाकू मासळी विकते. तिने मॅडमना पहिल्याच भेटीत सुनावलं, “पानी काळा झाला तवा कोन नाय आला. आता मासा मोजाला आलात व्हय?”

मॅडमनी शांतपणे तासभर समजावलं. छोट्या माशातला पारा मोठ्या माशात साठतो, मोठ्यातला आपल्यात. मग हिराकाकूने घरी नेऊन तळलेले बोंबील वाढले. मॅडमनी सहा खाल्ले.

नीलेश म्हणाला, “मॅडम, आत्ता तर तुम्ही...”

“संशोधन वेगळं, बोंबील वेगळा,” मॅडम म्हणाल्या आणि सातवा घेतला.

*

एका कारखान्याने आम्हाला आमंत्रणच दिलं. सांडपाणी किती शुद्ध करतात ते दाखवायला. त्या दिवशी नाला असा वाहत होता की त्यात तोंड बघावं. मॅनेजरांनी काचेची टाकी दाखवली, आत लाल मासे. “आमच्याच सोडलेल्या पाण्यात वाढतात. बघा, किती खूश आहेत.”

बाहेर पडताना मी वॉचमनला सहज म्हटलं, “मासे छान आहेत हो.”

“छानच असतात, मावशी,” तो म्हणाला. “दर सोमवारी नवीन येतात.”

*

मग साहेबलोकांची मीटिंग झाली. मॅडमनी खाडीतल्या जीवांना कसा धोका आहे ते पडद्यावर दाखवलं. मुख्य साहेब जागे होऊन म्हणाले, “थोडक्यात सांगा. धोका आहे?”

“आहे.”

“किती?”

“खूप.”

“मग ‘मध्यम’ लिहा. ‘खूप’ लिहिलं की काहीतरी करावं लागतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि समोरच्या सीलबंद बाटल्यांतलं पाणी प्यायलं.

*

मॅडमनी माझ्या विहिरीचं तीनदा विचारलं. एकदा मी दोर तुटला म्हटलं, एकदा सासूबाई आजारी, एकदा कुत्रा चावरा आहे. कुत्रा आमच्याकडे नाहीच. पाणी खराब निघालं तर आमची भाजी बाजारात कोण घेणार? आणि आम्ही इतकी वर्षं घरात काय खाल्लं?

शेवटी नीलेश आला. त्याने बादली सोडली, अळूची चार पानंही कापली. सासूबाई त्याच्या हातावर केळी ठेवत म्हणाल्या, “बाबा, आम्हाला तेवढं पास कर हां.”

“आजी, पास मशीन करतं,” तो म्हणाला.

“मग त्यालाही दोन केळी ने.”

*

दोन आठवडे मी मशीनकडे बघत बाटल्या धुतल्या. एका गुरुवारी प्रिंटरमधून कागद आला. मॅडमनी वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. मी पुढची बाटली धुवायला घेतली.

दुपारी मी डबा उघडला. अळूच होतं. मॅडमच्या हातात नेहमीचा चमचा होता. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि चमचा परत पिशवीत ठेवला.

“आज नको, रेजिनाताई. माझा उपास आहे.”

त्यांच्यासमोर अर्धा खाल्लेला वडापाव होता.

आमचे उपास ईस्टरपर्यंतच असतात, आणि ईस्टर होऊन महिना झाला होता. मी डब्याला झाकण लावलं आणि म्हटलं, “माझाही.”